घरखर्चात हातखर्चाचा वाटा

दुकानाचा हिशेब कसा ठेवावा, उधारी कशी वसूल करावी, माल कोठून आणावा या विषयांवर व्यापाराच्या पानांतून पुष्कळ लिहिले जाते. आज गल्ल्याबद्दल नव्हे, तर घरातल्या डब्याबद्दल लिहावयाचे आहे. लहान दुकानदाराचे दुकान पुष्कळ वेळा दुकानात बुडत नाही, ते घरात बुडते. आणि घरात ते कशाने बुडते याबद्दल आपल्यात एक मोठा गैरसमज आहे.

गैरसमज असा की, हौसेने घर बुडते. बायकोने बांगड्या भरल्या, पोरांनी कुल्फी खाल्ली, म्हातारीने पान मागवले, म्हणून पैसा उरत नाही असे आपण धरून चालतो. मग एखाद्या वर्षी मशीन घ्यायचे ठरले किंवा मुलीचे लग्न जवळ आले की घरात हुकूम निघतो, "आजपासून फालतू खर्च बंद." हा हुकूम किती दिवस टिकतो, हे ज्याने तो काढला आहे त्यालाच विचारावे.

मी तो काढला आहे. माझा धंदा शिलाईचा, दुकान निमोण्यात. काही वर्षांपूर्वी ओव्हरलॉक मशीन रोखीने घ्यावे असे मनात आले. घरातला सगळा किरकोळ खर्च मी बंद केला. मुलांना खाऊला पैसे नाहीत, घरात फळ नाही, पत्नीला बाजाराच्या दिवशी जे पाचपन्नास रुपये मिळत तेही नाहीत. आठ महिने मला वाटत होते की आपण फार मोठी बचत करीत आहोत. आठव्या महिन्यात किराणा दुकानदाराने वही पुढे केली. वाणसामानाच्या मध्ये मध्ये बिस्किटाचे पुडे, थंड पेयाच्या बाटल्या, शांपूच्या पुड्या, मेंदीचे कोन, वेफर्स. दहाचे, वीसचे आकडे. बेरीज केली तर ४,३०० रुपये. जी हौस मी रोखीतून बंद केली होती, ती गुपचूप उधारीत जाऊन बसली होती. मी घरी येऊन आवाज चढवला. पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचा दुकानातला चहा कुठल्या वहीत लिहिलाय?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तो चहा कुठल्याच वहीत नव्हता. तो गल्ल्यातून जात होता.

कर्ड्याची गोष्ट

ही गोष्ट आपल्या घरापुरती नाही, आणि नवीनही नाही. शिरूर तालुक्याला तर ती दीडशे वर्षांपासून ठाऊक असायला हवी. १८७४ च्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यातील कर्डे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे पाणी भरायला, त्याची हजामत करायला कोणी तयार होईना. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर लोक चालून गेले, वह्या व खतपत्रे जाळली गेली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला, आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जाच्या कचाट्यातून काही सवलत देणारा कायदा झाला.

त्या काळी साहेब लोकांचे एक ठरलेले मत होते, की रयत लग्नकार्यात आणि सणावारात पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते. आयोगाने वह्या तपासल्या, लोकांच्या जबान्या घेतल्या, आणि निष्कर्ष जवळजवळ उलटा काढला. लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून फाजील महत्त्व दिले गेले आहे. असा खर्च साधारण ५० ते ७५ रुपयांचा असतो आणि तो क्वचित येतो. वर्षांचा हिशेब धरला तर त्या स्थितीतील माणसाने सुखासमाधानासाठी इतके खर्चणे गैर नाही, असा त्याचा आशय होता. मग कर्ज फुगते कशाने? धान्य, बी-बियाणे, बैल, सरकारी सारा यांसाठी सतत काढलेल्या लहान लहान रकमांनी, आणि त्यांच्यावर चढणाऱ्या व्याजाने. वर साऱ्याचे दर वाढलेले आणि अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचा भाव कोसळलेला.

आयोगाने शेतकऱ्याची वकिली केली असे समजण्याचे कारण नाही. त्याने फक्त वही वाचली. आपणही आपली वही तशीच वाचावी, इतकेच माझे म्हणणे आहे. वर्षातून एकदा ईदला घेतलेले कपडे तुम्हाला आठवतात, कारण ती रक्कम एकदम जाते आणि डोळ्यांत भरते. रोज गल्ल्यातून उचललेले वीस रुपये आठवत नाहीत. महिन्याचे २६ दिवस धरले तर ते ५२० होतात आणि वर्षाचे ६,२४०. एवढ्या पैशात ईदचे कपडे होऊन वर काही उरते.

चॉकलेटवाल्याचा हिशेब

आता थोडे लांबचे उदाहरण देतो, पण ते फिरून आपल्याच तालुक्यात येते. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात सीबोम राऊंट्री नावाचे गृहस्थ होते. घराणे चॉकलेटच्या कारखानदारांचे. पुढे १९३५ साली ज्या वडीपासून आजचे किटकॅट झाले, ती याच कारखान्यातली. या राऊंट्री यांनी यॉर्कच्या मजूर वस्तीतील घरोघर चौकशी करून १९०१ साली गरिबीवर पुस्तक प्रसिद्ध केले. नुसते शरीर धडधाकट राहण्यासाठी एका कुटुंबाला किती पैसे लागतील याचा त्यांनी काटेकोर हिशेब मांडला. आणि प्रामाणिकपणे हेही लिहिले की, या हिशेबात जगायचे तर बापाने तंबाखू ओढता कामा नये, आईने चांगले दिसणारे कापड घेता कामा नये, पोरांना गोट्या, बाहुली किंवा गोळी-बिस्किटासाठी दमडीही मिळता कामा नये. चॉकलेट विकणाऱ्या घरातल्या माणसाने असा हिशेब मांडावा ज्यात चॉकलेटला जागा नाही, हे विचित्र खरे. पण त्यांना दाखवायचे तेच होते. अशा हिशेबात माणूस श्वास घेईल, जगू मात्र शकणार नाही. १९३६ साली त्यांनी त्याच शहराची पुन्हा पाहणी केली, तेव्हा किमान गरजांच्या हिशेबातच त्यांनी वर्तमानपत्र, रेडिओ, तंबाखू अशा वैयक्तिक किरकोळ खर्चासाठी रक्कम धरली.

राऊंट्री यांच्या पद्धतीने इंग्लंडमधील एका खेड्याची पाहणी करणारे दुसरे गृहस्थ म्हणजे डॉ. हॅरोल्ड मान. ते पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनी आधी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर पाहिले, त्याचा अहवाल १९१७ चा. नंतर ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर एक कोरडवाहू गाव निवडले, ते आपल्या शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. त्याचा अहवाल १९२१ चा आहे. घराघराचे उत्पन्न, जमीन, कर्ज आणि खर्च यांची नोंद झाली. लोकांच्या स्वतःच्या नेहमीच्या राहणीच्या मापाने पाहिले तरी १०० पैकी ८५ कुटुंबांचे भागत नव्हते. लक्षात घ्या, साहेबाच्या मापाने नव्हे, त्यांच्याच भाकरी-चटणीच्या मापाने. जिथे मुळात भागतच नाही तिथे हौस बंद करून ते भागणार नसते. तिथे उत्पन्न वाढवावे लागते, व्याज थांबवावे लागते. आपल्या घरात दोन्हीपैकी कोणती अडचण आहे, हे आधी ठरवावे. उत्पन्नच अपुरे असेल तर मुलाची कुल्फी बंद करून आपण फक्त स्वतःची समजूत घालतो.

आजचे आकडे

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२३-२४ सालची कुटुंबखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली आहे. तिच्याप्रमाणे ग्रामीण भारतात दर माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता. यातला जवळपास ५ टक्के खर्च तांदूळ-गहू-ज्वारी वगैरे धान्यावर, आणि जवळपास १० टक्के चहा-पेये, फराळ आणि तयार खाद्यपदार्थांवर. म्हणजे माणशी दरमहा धान्याला सुमारे २०५ रुपये तर चहा-फराळाला सुमारे ४०५. (रेशनचे धान्य फुकट किंवा स्वस्त मिळते, हेही यात आहेच.) याच खात्याच्या २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यांतून पान, तंबाखू व नशेच्या वस्तूंवरचा वाटा शिक्षणावरच्या वाट्यापेक्षा जास्त निघाला होता.

या आकड्यांवरून कोणी म्हणेल, पाहा, लोक किती उधळे झाले! मी तसे म्हणत नाही. मी म्हणतो, चहा-फराळ हा घरखर्चाचा एवढा मोठा भाग असेल तर त्याला अंदाजपत्रकात नाव का नाही? आपण कागदावर किराणा लिहितो, वीजबिल लिहितो, शाळेची फी, दवाखाना, भिशी लिहितो. चहा-फराळ लिहीत नाही, कारण तो लिहायची लाज वाटते. जे लिहिले जात नाही त्याला मर्यादाही राहत नाही.

तंबाखू, गुटख्याचे मात्र वेगळे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे लहान मुलालाही ठाऊक असते. याला हौस म्हणू नये. पण तो कोणाला सुटत नसेल तर निदान त्याचा पैसा त्या माणसाच्या स्वतःच्या हातखर्चातूनच गेला पाहिजे, किराण्याच्या यादीत चुन्याच्या डबीबरोबर नव्हे.

हौसेवरच आपले पोट

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपले धंदे कोणते? आतार अत्तर आणि उदबत्ती विकतो. मणेर बांगड्या भरतो. तांबोळी पान विकतो, बागवान फळे. शिंपीकाम करणाऱ्याकडे लोक फाटके शिवायला कमी आणि नवे शिवायला जास्त येतात. म्हणजे दुसऱ्याच्या घरात थोडी हौस शिल्लक असते म्हणून आपल्या घरात चूल पेटते. शेतकऱ्याच्या मालकिणीने "या वर्षी बांगड्या नकोत" असे म्हटले तर मणेराची बरकत कुठून येणार? आणि तोच मणेर घरी येऊन आपल्या मुलीला म्हणतो, बांगड्या कशाला हव्यात!

ही हौस आजची नाही. आपल्याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावावर त्याचा अहवाल आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची साध्या शेतकऱ्यांची मातीची घरे तिथे निघाली, आणि त्यांत भाजलेल्या मातीचे, रंगीत दगडांचे मणीही निघाले. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरेही वस्तीत होती. ज्यांच्या घरात धान्य साठवायच्या कणग्या होत्या, त्यांच्या घरात गळ्यातला मणीही होता.

धर्माची शिकवण

आपल्यात काही मंडळी काटकसरीला धर्माचा आधार देतात आणि घरच्यांचे तोंड बंद करतात. त्यांनी पूर्ण शिकवण पाहावी. पवित्र कुरआनच्या सूरह अल-फुरकानमध्ये चांगल्या माणसांच्या खर्चाचे वर्णन आले आहे, त्यात उधळपट्टी आणि कंजुषी दोन्ही नाकारून मधला मार्ग सांगितला आहे. इसराफ वाईट, तसाच बुख्लही वाईट. आणि हजरत हिंद (रजि.) यांचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. पती अबू सुफियान पुरेसा खर्च देत नाहीत, अशी तक्रार त्यांनी प्रेषितांकडे (स.) केली, तेव्हा स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके पतीच्या पैशातून घेण्याची मुभा त्यांना मिळाली. यात "रीतीप्रमाणे" हा शब्द महत्त्वाचा. मनमानी नाही, पण कुचंबणाही नाही.

आपल्या घरांत मात्र बायका हे पैसे डाळीच्या डब्यात लपवतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा किती घरांतून हे डबे बाहेर आले, ते आपण पाहिले आहे. जुन्या नोटा ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरायच्या होत्या. काहींनी नवऱ्यापुढे कबूल करून भरल्या, काहींना वेळेत सांगण्याचा धीर झाला नाही. जी रक्कम उघडपणे तिची असती ती लपवावी लागली, म्हणून हा प्रसंग आला.

प्रत्यक्ष कसे करावे

आता कामाचे बोलू. समजा निमोण्यात एक शिलाईकाम करणारा आहे. घरात तो, पत्नी, अम्मा आणि दोन मुले. दुकानाचे भाडे, वीज, दोरा-अस्तर वजा जाता लग्नसराई व सणांचे चार महिने त्याला २४ हजार सुटतात, पाच महिने १७ हजार, आणि पावसाळ्यातले तीन महिने १३ हजार. वर्षाचे होतात २ लाख २० हजार. सरासरी निघते १८ हजारांच्या थोडी वर. चूक इथेच होते. तो चांगल्या महिन्यात २४ हजारांचे घर चालवतो आणि पावसाळ्यात उधारी करतो. "उसाचे पेमेंट आले की देतो," असे गिऱ्हाईक त्याला सांगते आणि तो तेच किराणावाल्याला सांगतो.

त्याने स्वतःला पगार ठरवावा. सरासरीपेक्षा कमी, समजा १६ हजार. बाराही महिने घरात एवढेच यावेत. वर्षाचे १ लाख ९२ हजार झाले. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत ९ हजार कमी पडतील, ते चांगल्या महिन्यांच्या शिलकीतून भरायचे. तेवढे भरूनही वर्षअखेर २८ हजार राहतात. ईद, मशीनची दुरुस्ती आणि अडीअडचण यांच्यासाठी ती रक्कम. नवे मशीनही यातूनच येईल, पोरांच्या खाऊतून नव्हे.

या १६ हजारांतील पाच टक्के, म्हणजे ८०० रुपये, हातखर्च म्हणून महिन्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढावेत. शेवटी उरले तर द्यायचे असे नाही. शेवटी कधीच उरत नाही. नवऱ्याला २५०, पत्नीला २५०, अम्माला १००, दोन मुलांना पन्नास पन्नास. राहिलेले १०० घराच्या सामाईक हौसेला, त्यात एखाद्या रविवारी सगळ्यांसाठी कलिंगड किंवा कुल्फी. आकडे माझे आहेत, तुम्ही आपल्या ऐपतीप्रमाणे बदला. पण दोन गोष्टी बदलू नका. नवरा-बायकोचा आकडा सारखा ठेवा, आणि दिलेल्या पैशाचा हिशेब मागू नका.

दुसरी अट पुरुषांना फार जड जाते. "माझ्या कष्टाचा पैसा, आणि विचारायचेही नाही?" नाही विचारायचे. हिशेब मागितला की तो हातखर्च राहत नाही, तो किराणाच होतो. अम्मा तिचे १०० रुपये स्वतः न खाता नातवंडांना वाटून टाकेल. तिला त्यातच सुख असेल तर तिचा पैसा योग्य जागी गेला. पत्नी सहा महिने काही खर्चणार नाही, साठवील आणि एकदम एखादी वस्तू आणील. ती वस्तू तुम्हाला निरुपयोगी वाटेल. गप्प बसावे.

आता नवऱ्याच्या २५० रुपयांकडे पाहा. बाहेरचा एक चहा दहा रुपयांना धरला तर महिन्याचे २६ दिवस मिळून २६० होतात. म्हणजे रोजचा एक चहासुद्धा त्याच्या हातखर्चात पुरता बसत नाही! मी पहिल्या महिन्यात ही बेरीज केली तेव्हा हसू आले. आम्ही पुरुष बायकांच्या बांगड्यांवर बोलतो आणि रोज तीन-चार चहा गल्ल्यातून पितो. माझा उपाय साधा आहे. गिऱ्हाइकासाठी मागवलेला चहा दुकानाच्या खर्चात लिहायचा, तो धंद्याचा आहे. स्वतःचा चहा घरून थर्मासमध्ये आणायचा. मित्राबरोबर टपरीवर बसून प्यायचा तो मात्र माझ्या २५० मधला. आता तो रोज होत नाही; आठवड्यातून तीनदा होतो आणि खरे सांगायचे तर अधिक गोड लागतो.

हातखर्च रोख द्यावा. मोबाइलवरून पैसे देणे २०१६ पासून सोपे झाले. धंद्याला त्याचा फायदा आहे, मीही फलक लावला आहे. पण दहा-वीस रुपये बोटाने गेले की जाणवत नाहीत. नोट मोडली की जाणवते. आणि हौसेची एकही वस्तू उधारीने घेऊ नये. किराणावाल्याला स्पष्ट सांगून ठेवावे की वहीत धान्य, तेल, साबण एवढेच लिहायचे; बाकीचे रोखीने. दुकानदाराला राग येत नाही, उलट त्याची वही सुटसुटीत राहते. मोबाइलवर "आता घ्या, नंतर द्या" म्हणून जे हप्ते मिळतात ती तर कर्ड्याच्या सावकाराचीच वही, फक्त ती आता आपल्या खिशात राहते.

दोन हिशेब पुष्कळांचे चुकतात ते येथेच सांगतो. मोबाइलचा रिचार्ज २८ दिवसांचा असेल तर वर्षात तो बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. आणि ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्यामुळे इंग्रजी महिन्यांप्रमाणे बारा हप्ते बाजूला टाकणाऱ्याचा शेवटचा हप्ता पडण्याआधीच ईद दारात असते. इंग्रजी ३३ वर्षांत ईद ३४ वेळा येते. शिलाईवाल्याला यात दुसरीही बाजू आहे. रमजान लग्नसराईत असेल तर दोन हंगाम एकावर एक येतात आणि हातात एकदम पैसा येतो, पुढे तो सरकत थंडीत गेला की दोन हंगाम वेगळे होतात. घराचा पगार ठरवताना हे सरकणे धरावे.

माझ्याकडे ओव्हरलॉक मशीन आले, पण ज्या वर्षी हौस बंद केली त्या वर्षी नव्हे. ते दीड वर्षाने आले, घराला पगार सुरू केल्यावर. त्या काळात किराण्याच्या वहीत बिस्किटाचा एकही पुडा लिहिला गेला नाही. बिस्किटे घरात येत होतीच.

एक प्रश्न राहतो, महिना अगदीच वाईट गेला तर? आजारपण निघाले, मशीन बंद पडले, पावसाने रस्ता तुटला, तर शिलकीतला पैसाही संपू शकतो. अशा वेळी हातखर्च पूर्ण बंद करू नये, सगळ्यांचा सारख्या प्रमाणात कमी करावा. २५० चे १२५, पन्नासचे २५. कपात सर्वांसमोर सांगावी, आणि पहिल्यांदा स्वतःचे पैसे कमी करून दाखवावेत. मुलांना पंचवीस रुपयांचे कारण कळते. काहीच न देता "पैसे नाहीत" म्हटले आणि संध्याकाळी त्यांनी बापाला टपरीवर पाहिले, तर जे कळते ते वेगळे असते. हातखर्चाचे आकडे वर्षातून दोनदा पुन्हा ठरवावेत, एकदा रमजानच्या आधी आणि एकदा जूनमध्ये शाळा सुरू होताना. आणि ते ठरवताना अम्मासह घरातील सर्वांना बसवावे.